आधी फ्लेक्स, मग कर्ज

आमच्या घरात रफ वही कधी विकत आणली नाही. पप्पा तेव्हा नगरमध्ये एका छापखान्यात मशीनवर होते आणि शाई पसरलेली, कड तिरकी कापली गेलेली पत्रकं घरी घेऊन यायचे. एका बाजूला मोर्चाची हाक आणि खाली मागण्या, दुसरी बाजू कोरी. त्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दोघी बहिणी गणितं सोडवायचो. गणिताचा कंटाळा आला की मी कागद उलटा करून मागण्या मोठ्यानं वाचायचे. 'झालेच पाहिजे' हे शब्द मी शाळेच्या पुस्तकाआधी शिकले. त्याचा परिणाम असा की आज मी स्वतः पत्रकं लिहिते, शिकवण्यांतून मिळालेले पैसे छपाईत घालते, आणि आईच्या मते भाजीवाल्याशीसुद्धा सभेत बोलल्यासारखी बोलते.

धाकटी कोऱ्या बाजूचीच राहिली. ती तिथे चित्रं काढायची. झुरळाचं पोट, पिंपळपानाच्या शिरा. आणि थोडी मोठी झाल्यावर एकच चित्र पुन्हा पुन्हा: माणसाचं डोकं आणि त्यात वीज.

ती वीज शेवगावहून आली होती. आमची आत्या तिथे राहते. तिला तेव्हा फिट यायची; मेंदूतली वीज मधूनच उसळते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका सुट्टीत आमच्यादेखत अंगणात भांडी घासता घासता ती कोसळली, दातखीळ बसली, हातपाय झटके खाऊ लागले. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. मी भोकाड पसरलं. धाकटी आत्याच्या उशाशी बसून नुसती बघत राहिली, आणि आत्या भानावर येऊन उठून बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "आत्या, आतून कसं वाटलं?"

आत्या अजून ते सगळ्यांना सांगते. "समदी रडत हुती आन् ही बया माझी मुलाखत घेत हुती."

पुढे घरात या प्रसंगाला एक ठरलेलं रूप आलं. धाकटी आत्याचा आजार बरा करायला शिकणार. पप्पा पाहुण्यांना असंच सांगायचे, मीही तसंच सांगायचे. धाकटी त्यावर कधी काही बोलली नाही.

नगरच्या कॉलेजात तिनं प्राणिशास्त्रात पदवी घेतली आणि मागच्या वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठात तिला न्यूरोसायन्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. मेंदू आणि मज्जासंस्थेचं शास्त्र, एका वर्षाचा कोर्स. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. उरलं शैक्षणिक कर्ज, आणि त्याला तारण म्हणून आमचं केडगावचं घर. फीची पहिली रक्कम महिनाअखेरीस भरायची होती. ती भरली की परत फिरायला जागा नव्हती.

हे घर पप्पांनी छापखाना बंद पडला तेव्हा हाती आलेल्या पैशांतून बांधलं. तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. त्या सळयांवर आम्ही कपडे वाळत घालतो. कर्जाचा विषय निघाला त्या संध्याकाळी गच्चीवरच चर्चा बसली.

"घर म्हंजे काय? विटा हायेत," पप्पा म्हणाले. "पोरगी शिकली की पुन्हा रचू."

"रचाल तेव्हा रचाल," आई म्हणाली. "तोवर झोपायचं कुठं ते सांगा."

माझं मत मी उभी राहून मांडलं. शिक्षणाचं कर्ज ही गोष्टच मला मान्य नाही. आमच्या पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं. आज त्यांच्या पणतीला सांगतात, दार उघडं आहे, ये. आणि ती आत पाऊल टाकायला गेली की उंबऱ्यावर घराचे कागद मागतात. बाहेर बसवायची ही नवी, सभ्य पद्धत आहे. असं आणि आणखी बरंच बोलले. ते मला आजही शब्दन् शब्द खरं वाटतं.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुझ्या मागण्या मान्य होतील तेव्हा माझं वय किती असेल?"

पप्पांना हसू आवरेना. मी खाली बसले.

बँकेत मी तिच्याबरोबर गेले. तिथले साहेब चांगले होते हे आधीच सांगते, कारण माझ्या पत्रकांत बँकेतले साहेब कधीच चांगले नसतात. त्यांनी चहा मागवला, गुणपत्रिका बघून "वा" म्हणाले, आणि पेन उघडून विचारलं, "कोर्सनंतर नोकरी काय लागते?"

"संशोधन, सर."

"कुठं?"

"प्रयोगशाळेत."

"कुणाच्या?"

धाकटी गुणपत्रिका पिशवीत सरकवू लागली. साहेबांनी पेन बंद केलं. "एमबीबीएस असतं, इंजिनिअरिंग असतं, तर मला सोपं जातं. वरचे विचारतात, पगार किती मिळेल ते लिहा. इथं मी काय लिहू?"

"संशोधन लिहा ना," मी म्हणाले.

"ताई, संशोधन पगाराच्या रकान्यात बसत नाही."

आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि आवाज उतरवून धाकटीला म्हणाले, "बाळा, घर गहाण टाकायच्या आधी तिथून शिकून आलेल्या दोघा-तिघांशी बोल. माझं टार्गेट बुडेल, बुडू दे."

तिनं ते मनावर घेतलं. त्या कोर्सचे जुने विद्यार्थी इंटरनेटवर शोधून ती एकेकाला मेसेज पाठवू लागली. प्रश्न सरळ होता: शिकून झाल्यावर हातात काय पडतं आणि हप्त्याला काय जातं? पुष्कळांनी शुभेच्छा पाठवल्या. आकडा कुणी सांगेना.

आणि मग त्या आठवड्यातच, तिनं हो म्हणण्याआधी किंवा नाही म्हणण्याआधी, फ्लेक्स लागला.

इथे पप्पांच्या धंद्याचं सांगायला हवं. छापखान्यानंतर त्यांनी पुणे रोडला फ्लेक्सचं दुकान टाकलं. वाढदिवस, निवडी, अभिनंदन, श्रद्धांजली. आमच्याकडे कुणाच्या भाच्याची सोसायटीवर निवड झाली तरी चौकात फ्लेक्स लागतो, त्यामुळे धंदा बरा चालतो. पण पप्पांचा पहिल्या दिवसापासून एक नियम होता: आपल्या घरातलं तोंड खांबावर जाणार नाही. पत्रकात मागणी असते, फ्लेक्सवर नुसतं तोंड असतं, असं ते म्हणायचे, आणि पोटासाठी दिवसभर तोंडं छापायचे. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा त्यांच्या मित्रांनी गळ घातली, पण ते बधले नाहीत. मला त्याचा अभिमान होता. त्या नियमावर मी वाढले होते.

त्या सकाळी शिकवणीला निघाले आणि चौकात थबकले. विजेच्या खांबाला माझी बहीण बांधलेली होती. आठ फूट उंच. मागे निळं आभाळ, डोक्याशेजारी चमकणारा मेंदू, आणि गळ्यात स्टेथोस्कोप. खाली लिहिलं होतं, 'केडगावची शान! परदेशात मेंदूच्या उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुक म्हणून पप्पांच्या मित्रांचे एकवीस फोटो, पासपोर्ट आकाराचे.

मी तशीच दुकानात गेले. "स्टेथोस्कोप कुणी घातला?"

ऑपरेटर कॉम्प्युटरमागून म्हणाला, "ताई, ते डॉक्टरच्या डिझाइनमध्ये तयारच येतं. काढायला गेलं तर मान पण जाते."

पप्पा माझ्याकडे न बघता रोल गुंडाळत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आयुष्यभर लोकांची पोरं चिकटवली. एक डाव माझी."

मी शिकवणीला निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. आधी अभिनंदनाला, पेढे मागायला. मग गल्लीतला रिक्षावाला आला, हातात आईच्या एमआरआयचं मोठं पाकीट घेऊन. धाकटी चहा करत होती. त्यानं फिल्म काढून ट्यूबलाइटसमोर धरली.

"मॅडम, जरा बघा ना. आमच्या आईचा डावा हात थरथरतो."

"काका, मी डॉक्टर नाही. होणार पण नाही. मी मेंदू कसा चालतो ते शिकणारे."

"बरं. आणि चालत नसला तर?"

"मग डॉक्टर बघतात."

"मंग डॉक्टरच का न्हाई झाली?"

"मला त्यांच्या आधीचं बघायचंय. तो तसा का चालतो ते."

त्यानं थोडा विचार केला. "आन् त्याचा पगार कोन देतं?"

गंमत अशी की बँकेच्या साहेबांचा आणि रिक्षावाल्याचा प्रश्न एकच होता. धाकटीनं त्याला चहा दिला, रिपोर्टवरचे इंग्रजी शब्द मराठीत समजावून सांगितले आणि नगरमध्ये कुणाला दाखवायचं ते लिहून दिलं. तो जाताना म्हणाला, "गेलात की विसरू नका गरिबाला." गेलात की. केडगावच्या हिशोबात ती गेलेलीच होती.

त्याच आठवड्यात एका मुलीचा फोन आला. मूळची राहात्याची, दोन वर्षांपूर्वी तोच कोर्स करून आलेली, आता पुण्यात नोकरी करणारी. धाकटीनं फोन स्पीकरवर टाकला आणि मला हातानं गप्प बसायची खूण केली.

"आधी एक सांग, मला मॅडम म्हणू नको," ती म्हणाली. "बँकवाले मॅडम म्हणतात, ते ऐकलं की मला हप्त्याची तारीख आठवते."

मग तिनं सरळ सांगितलं. तिचं कर्ज आमच्यापेक्षा कमी होतं, कारण वडिलांनी अर्धी फी रोख भरली होती. कोर्स फार सुंदर. तिथे व्हिसा होता तोवर नोकरी शोधली, मिळाली नाही, परत आली. आता औषध कंपन्यांच्या चाचण्यांची माहिती तपासायचं काम करते. हातात त्रेचाळीस हजार पडतात, एकतीस हजार हप्त्याला जातात. उरलेल्यात पुण्यातली खोली, डबा आणि बस.

"पण काम तर त्याच विषयातलं आहे ना?" धाकटीनं विचारलं.

"अगं, गुडघ्याच्या गोळ्यांची माहिती तपासते मी. मेंदूचं काम दोनदा चालून आलं होतं. प्रयोगशाळेत. पगार निम्मा. मला ते परवडलं नाही. हप्त्याला जी चालेल तीच नोकरी घ्यावी लागते, कळलं का? मेंदूसाठी कर्ज काढलं आणि कर्जासाठी मेंदू सोडला."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. ती "थांब" म्हणून गॅस बंद करून आली.

"पुन्हा निवडायचं झालं तर?" धाकटीनं विचारलं.

"विषय हाच. कर्ज नाही." आणि लगेच, "पण माझं ऐकून ठरवू नको हं. माझ्या वर्गातली एक जण तिथेच पीएचडी करतेय, मजेत आहे. तिचं नशीब म्हण, नाहीतर तिच्या बापाचे पैसे म्हण."

फोन ठेवल्यावर धाकटीनं माझ्या गठ्ठ्यातून एक पत्रक ओढलं, उलटं केलं आणि लिहायला लागली. कर्ज पस्तीस लाख, दहा वर्षं, व्याज धरून महिन्याला सेहेचाळीस हजारांच्या आसपास. शेजारी राहात्याच्या मुलीचा पगार. पूर्ण पगार दिला तरी हप्ता भरत नव्हता. तिनं दोन आकड्यांच्या मध्ये रेघ मारली आणि सवयीनं कागद उलटा केला. वर मी लिहिलेलं होतं: 'शिक्षण हा हक्क आहे, उधारी नव्हे.'

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो.

"मग नाही म्हण ना. झालं."

"कुणाला? चौकात मी आठ फुटांची उभी आहे. ताई, मला जायचं नाही असं नाही. पण न जायची मोकळीक तरी राहू द्या ना मला. तुझं तत्त्व आहे, पप्पांचा फ्लेक्स आहे, आत्याचा आजार आहे. यात मी कुठं ठरवू?"

मला पप्पांशी भांडायचं होतं. पण ती माझंही नाव त्याच ओळीत घेत होती.

भांडणाची वेळ आलीच नाही, कारण रविवारी आत्या आली. फ्लेक्सचा फोटो कुणाकुणाच्या मोबाईलवरून शेवगावला पोचला होता. एसटीतून उतरून ती आधी चौकात गेली, खांबाखाली उभी राहून तिनं मान वर केली, आणि मग घरी आली. पाणी प्यायच्या आत तिनं पप्पांना धारेवर धरलं.

"दादा, घर गहान टाकतोय म्हनं?"

"पोरगी तुझ्यासाठी शिकतीया. तुझ्या फिटांवर इलाज—"

"माझ्या फिटा? माझ्या फिटा गोळ्यांनी कवाच थांबल्यात. सरकारी दवाखान्यातनं आनते, फुकट. सात-आठ वर्सं झाली, येक बी फिट न्हाई. माझ्या डोक्यापायी तुमचं छप्पर कशाला?"

पप्पांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, ते तिला दर दिवाळीला धडधाकट बघत होते. पण गोष्ट सांगायची म्हटली की त्यांच्या गोष्टीत आत्या अजून अंगणात पडलेलीच असायची. माझ्याही.

आत्यानं धाकटीकडे मोर्चा वळवला. "व्हय गं, माझ्यासाठी चाललीस?"

धाकटी हळू म्हणाली, "नाही, आत्या. तुझ्यासाठी नाही. मला आवडतं म्हणून."

एवढंच. तिनं ते एखादा गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं. आमच्यासारख्या घरात कुणी नुसत्या आवडीनं शिकत नाही. आम्ही समाजासाठी शिकतो, घरासाठी शिकतो, आजारी आत्यासाठी शिकतो. पत्रकांत मी शिक्षणाच्या हक्काबद्दल इतकं लिहिलं, पण एखाद्या मुलीला मेंदूतली वीज बघत बसायला आवडतं, एवढंही कारण पुरेसं असतं, हे एका ओळीत लिहिलं नव्हतं.

"आवडतं तर लईच चांगलं," आत्या म्हणाली. "मंग त्यात हप्ता कशाला घालतीस? आवडीचं काम हप्त्यापायी नावडतं व्हायला येळ लागत न्हाई. मी शिलाई मशीन कर्जानं घेतली हुती, ठावं हाय ना? फेडंस्तवर मला सुईचा राग यायचा."

धाकटी हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच. मग ती पप्पांसमोर जाऊन बसली.

"पप्पा, मी फी भरत नाही. शिकणार हेच. आपल्या देशात सरकारी संस्था आहेत, तिथं निवड झाली तर उलट आपल्याला पैसे देतात. परीक्षा अवघड आहे. वर्ष जाईल, दोन जातील. निवड नाही झाली तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण हे कर्ज मी घेत नाही."

पप्पा म्हणाले, "माझ्यामुळं तर न्हाई ना? मला फेडता यायचं न्हाई म्हणून?"

"मला फेडता येणार नाही म्हणून. मी मोजून बघितलंय."

"अन् चौकात?"

"चौकात काय, पप्पा. तुमचं दुकान आहे. चढवता येतं तसं उतरवता येतं."

सोमवारी सकाळी, ऐन वर्दळीत, पप्पांनी शिडी लावली. रात्री उतरवू असं मित्रांनी सुचवलं होतं. पप्पांनी ऐकलं नाही. धाकटीनं शिडी धरली, मी खाली दोऱ्या गोळा करत होते. चहाच्या टपरीवरून हाक आली, "काय हो, गेली का पोरगी?"

"न्हाई. इथंच हाय. शिडी धरून उभीय, दिसत न्हाई व्हय?"

"मंग उतरवताय का?"

पप्पा वरून म्हणाले, "माझी घाई झाली. तिचं अजून ठरायचं हुतं."

लोक हसले. एक-दोघं वाईट हसले, ते मी लक्षात ठेवलंय. बाकीच्यांनी शिडीला हात दिला. शुभेच्छुकांपैकी एक जण तर आपला फोटो तेवढा कापून मागत होता.

मला या सगळ्यावर पत्रक काढायचं होतं. मथळासुद्धा सुचला होता. धाकटी म्हणाली, "माझ्यावर पत्रक नको. लिहायचं तर सगळं लिही. स्टेथोस्कोपसकट." म्हणून हे लिहिलं. शिक्षणाला किंमत लावणाऱ्या व्यवस्थेवरचा माझा राग कमी झालेला नाही. सरकारी संस्थांत जागा मूठभर आणि दारात हजारोंची रांग, हे धाकटीला दिसतं तसं मलाही दिसतं. तिनं कर्ज नाकारलं म्हणजे तिला न्याय मिळाला असं कुणी समजू नये. तिला फक्त तिचा विषय अजून नावडता झालेला नाही.

सध्या ती नगरमधल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करते आणि पहाटे अभ्यास करते. फ्लेक्स आम्ही टाकून दिला नाही, आमच्या घरात कोरी बाजू वाया जात नाही. तो तिच्या खोलीत उलटा लावलाय. पांढऱ्या बाजूवर मार्करनं तिनं एक मज्जापेशी काढली आहे, भिंतभर, फांद्या फुटलेली. रिक्षावाला मध्ये आला होता, आईचा हात आता बरा आहे हे सांगायला. त्यानं चित्र बघून विचारलं, "हे बाभळीचं झाड का?" ती म्हणाली, "तसंच समजा."

परीक्षा झाली आहे, निकाल यायचाय. परवा मी दुकानात पत्रकांचा कागद आणायला गेले होते. ऑपरेटर पप्पांना म्हणाला, "काका, धाकट्या ताईंचा नंबर लागला ना, की या वेळी दणक्यात करू. बारा बाय आठ. डिझाइन ठेवलंय मी तसंच."

पप्पा रोल मशीनवर चढवत होते. थांबले.

"आधी तिला विचार," ते म्हणाले.